रुस्कोचं पाणी

१

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्याकडे रुस्कोला थंडीसाठी तयार करायचं असतं. रुस्को म्हणजे आमचा ट्रॅक्टर. माझ्या सासऱ्यांकडे त्या नावाचा तांबडा घोडा होता. तो गेल्यावर त्याच्या ठाणाच्या जागी हा लाल, पेट्रोलवर चालणारा ट्रॅक्टर आला, आणि घोड्याचं नावही त्यालाच मिळालं. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली.

हे काम एकतीस वर्षं माझ्या नवऱ्याने, आर्वोने केलं. मी शेजारी उभी राहून पाने हातात देत असे. त्यामुळे काय करायचं ते मला माहीत होतं. फक्त हातांना माहीत नव्हतं. जाड ऑइल काढायचं, कारण ते थंडीत काकवीसारखं होतं, आणि पातळ भरायचं. पेट्रोलच्या टाकीखालची काचेची वाटी उघडून तळाला बसलेलं पाण्याचं टिपूस पुसायचं. तेवढ्या टिपसाचाही खडा होतो आणि पेट्रोल अडतं. चाकांखाली फळ्या सारायच्या, म्हणजे टायर जमिनीला चिकटत नाहीत. इंजिनाला दोन्ही बाजूंनी ताडपत्री बांधायची, म्हणजे त्याची ऊब चालवणाऱ्याच्या पायांकडे येते. रेडिएटरपुढे पुठ्ठा. बॅटरी रोज संध्याकाळी घरात, चुलीजवळ.

यंदा पाने हातात द्यायला माझा मुलगा डेल आला होता. तो डलूथ शहरात गोदीवर काम करतो. आर्वोला जाऊन नऊ महिने झाले होते.

"आई, अंगठा!" तो ओरडला. मी हँडल मारायला वाकले होते. "अंगठा बोटांच्या बाजूला ठेव. उलटं फिरलं तर सुलोकाकासारखी होशील."

शेजारच्या सुलोचा अंगठा तरुणपणी असाच मोडला होता. तो अजून वाकडा आहे, आणि सुलो म्हणतो की त्यामुळे त्याला लिफ्ट मागायला सोपं जातं.

तिसऱ्या झटक्याला रुस्को खोकला आणि चालू झाला. डेलने टाळ्या वाजवल्या. मग तो गाडीतून दोन मोठे डबे घेऊन आला.

"हे कूलंट. बाबांनी जन्मभर विहिरीचं पाणी घातलं आणि जन्मभर रोज संध्याकाळी ते सोडत बसले. हे गोठत नाही. एकदा भरलं की वसंतापर्यंत बघायला नको." त्याने झाकण उघडलं. ते हिरवंगार होतं आणि त्याला गोडसर वास होता. "आता संध्याकाळी कुणाला शेडमध्ये जायला नको."

शेवटचं वाक्य तो माझ्याकडे न बघता बोलला.

जाताना त्याने पुन्हा सांगितलं, "एक हिवाळा, आई. आपलं ठरलंय. पाऊण मैल रस्ता तुला एकटीला मोकळा ठेवायचाय. दुधाची गाडी वर आली नाही, रुस्को एकदा जरी बंद पडला, तर तू आमच्याकडे यायचंस. गुरं विकायची."

"ठरलंय," मी म्हणाले.

अकरा गायी, घर, सॉना म्हणजे आमची वाफेची न्हाणी, आणि टेकडीमागे पुरलेला आर्वो. हे सगळं त्या लाल म्हाताऱ्या यंत्रावर टेकलेलं होतं.

२

त्या संध्याकाळबद्दल सांगायला हवं, म्हणजे पुढचं कळेल.

गेल्या जानेवारीतला चौथा शनिवार. सकाळपासून मी चर्चच्या हॉलमध्ये होते. दुसऱ्या दिवशी एक बारसं होतं, त्यासाठी आम्ही बायका वेलदोड्याचे पाव भाजत होतो. पावणेपाचला मला कुणीतरी आमच्या दाराशी सोडलं. अंधारून आलं होतं. शून्याच्या खाली पंचवीस. मी आधी सॉनाची चूल पेटवली, कारण शनिवार होता, आणि मग घरात गेले.

शेडच्या फळ्यांतून कंदिलाचा उजेड दिसत होता. म्हणजे आर्वो पाणी सोडत होता. रेडिएटरखालच्या तोटीतून आणि इंजिनाच्या कुशीतल्या तोटीतून पाणी जस्ताच्या बादलीत सोडायचं, बादली स्वयंपाकघरात आणून चुलीच्या कडेला ठेवायची. सकाळी तेच पाणी गरम करून पुन्हा भरायचं. बादली काठोकाठ असायची, पण शेडपासून घरापर्यंत थेंब सांडायचा नाही. त्याला त्याचा अभिमान होता. दुसरा कुठलाच अभिमान मी त्याच्यात पाहिला नाही.

रोजच्यासारखी मी पाच वाजता पडवीत आले आणि हाक मारली, "पाणी सोडलंस?"

एकतीस हिवाळे मी हा प्रश्न विचारला. त्याच्यात काळजी होती, जेवायला ये असं होतं, दिवस संपला असंही होतं. आम्ही एकमेकांशी फार बोलणारी माणसं नव्हतो.

शेडमधून उत्तर आलं, "सोडलं."

मी आत गेले. शनिवारी तो शेडमधून परस्पर सॉनात जायचा, बाहेरच्या खोलीत बसून चुलीत लाकडं सारायचा, आणि तापलं की आधी तो आणि मग मी. मी बटाटे सोलले. मोजे रफू केले. साडेसहाला टॉवेल घेऊन गेले, तर चुलीत नुसते निखारे. कुणी लाकूड सारलं नव्हतं. वाफेसाठी चुलीवर रचलेल्या दगडांवर पाण्याचा शिंतोडा नव्हता. बादलीतली पळी सकाळी मी ठेवली तशीच उलटी होती.

तो शेडमध्ये होता. एक गुडघा जमिनीला टेकलेला, हात तोटीवर. तोटी बंद होती. पाण्याचा बर्फ होऊन रेडिएटरची खालची शिवण उसवली होती. कंदील खिळ्याला लटकत होता, न पेटवलेला, आणि त्याची काच माझ्या हाताला चिकटली इतकी थंड होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी बाराच्या सुमारास.

"बारा?" मी विचारलं. "पाच नाही?"

"अशा थंडीत नक्की सांगता येत नाही," ते दयाळूपणे म्हणाले. "पण पाच नक्की नाही."

त्याने मला पाचला उत्तर दिलं, हे मी कुणालाही सांगितलं नाही. कारण दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर तो पाचला जिवंत होता, आणि मी ओ ऐकून आत जाऊन बटाटे सोलत बसले. नाहीतर तो जिवंत नव्हता.

दोन्हींपैकी कुठलीही खरी निघाली तरी मला ती घेऊन झोपता येत नव्हतं.

३

नोव्हेंबरात बर्फ पडला आणि मी कामाला लागले. पहाटे दूध काढायचं, रुस्कोला हँडल मारायचं, समोरचं फावडं उतरवून रस्ता मोकळा करायचा, मग घसरगाडीवर वैरण. पहिल्या आठवड्यात माझे खांदे रात्रभर ठणकायचे. दुसऱ्या आठवड्यात मला ते आवडायला लागलं.

संध्याकाळ तेवढी रिकामी झाली. पाच वाजले की माझे पाय आपोआप पडवीकडे जायचे. दार उघडायचं, थंडी तोंडावर यायची, आणि मग आठवायचं की विचारायला काही उरलं नाही. पाणीच नाही, तर कोण सोडणार?

एका मंगळवारी, दुपारपासून वारा सुटला होता, तेव्हा तोंडातून गेलंच. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं.

"पाणी सोडलंस?"

काही आलं नाही. मी दार लावलं आणि थोडी रडले. मग बॅटरीला फडक्यात गुंडाळून चुलीजवळ सरकवलं.

सकाळी शेडमध्ये गेले. हँडल हातात घेतलं, अंगठा बोटांच्या बाजूला ठेवला, आणि खाली पाहिलं.

रुस्कोच्या पोटाखाली जस्ताची बादली होती. काठोकाठ भरलेली, हिरवी. बाकी सगळं, पेट्रोलच्या डब्यावरचा माझा ओला हातमोजासुद्धा, दगडासारखं गोठलेलं. ते हिरवं तेवढं हलत होतं.

दोन्ही तोट्या उघड्या होत्या.

मी हँडल मारलं असतं तर इंजिन कोरडंच चाललं असतं. दहा मिनिटांत जळलं असतं. मी खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

४

तोट्या जुन्या होत्या. चालताना ट्रॅक्टर थरथरतो. सैल झाल्या असतील. बादली तिथे मीच ठेवली असेल. वर्षानुवर्षं तिची जागा तिथेच होती. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं. ते कूलंट परत भरलं, दोन्ही तोट्यांना तार गुंडाळली आणि पक्कडीने पीळ दिला.

दुसऱ्या सकाळी बादली पुन्हा भरलेली होती. तारा सरळ करून खिळ्याला टांगल्या होत्या.

आर्वो कधी तार फेकायचा नाही. वाकडी असली तर सरळ करून ठेवायचा.

मी सुलोला बोलावलं. तो आमच्यापलीकडच्या शेतावर एकटा राहतो. आर्वोचा शाळेपासूनचा मित्र. रेडिएटरची उसवलेली शिवण वसंतात त्यानेच डाग देऊन सांधली होती. तो आला, शेडमध्ये वाकून वाकून पाहिलं, मग स्वयंपाकघरात बसून तीन कप कॉफी प्याला.

"तोट्यांना काही झालं नाही," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा बऱ्या आहेत."

"सुलो, खरं सांग. तू येऊन सोडतोस का? सवयीने?"

"अगं, मी माझ्या गायींचं शेण काढायला उठत नाही वेळेवर. तुझ्या ट्रॅक्टरचं पाणी सोडायला येऊ?"

"मग मीच सोडत असेन. झोपेत."

"तू झोपेत चाललीस तर निदान बूट घालून चाल." तो हसला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याने कप खाली ठेवला. "आयली, डेलकडे जा. चार दिवस जा. इथे एकटीने राहून माणूस भिंतीशी बोलायला लागतं. मला विचार. माझी भिंत मला उलटून बोलते."

"रस्ता कोण मोकळा करणार?"

तो उठला. पाव खिशात घालून गेला. त्या संध्याकाळी मी बूट दाराच्या आत ठेवले आणि त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या. उठेन तर पडेन आणि जागी होईन.

सकाळी नाड्या बांधलेल्याच होत्या. बादली शेडच्या दाराबाहेर होती.

५

मग रोज थोडी पुढे.

शेडचं दार. विहिरीचा कठडा. कपड्यांच्या दोरीचा पहिला खांब. दुसरा खांब. मी सकाळी उठून आधी खिडकीतून पाहायचे ती कुठवर आली आहे. काठोकाठ भरलेली, आणि मागे बर्फावर हिरवा डाग नाही. मागे दुसरंही काही नाही. रात्री बर्फ पडला असला तर तो बादलीच्या कडीवर साचलेला असायचा, आणि भोवती सगळं गुळगुळीत पांढरं.

मी ती उचलायचे, परत न्यायचे, रेडिएटर भरायचे, तोट्या लावायचे. मला शेडपर्यंत नेताना सांडायचंच. हिरवे थेंब माझ्याच पावलांच्या बाजूने असायचे.

रुस्को कधी बंद पडला नाही, हे मात्र खरं. दुधाची गाडी रोज वर आली. चालवणारा पोरगा हात हलवायचा आणि मीही हलवायचे, आणि मला वाटायचं, यालाच सांगावं. पण काय सांगणार?

डिसेंबरात दिवस साडेचारलाच मिटायचा. मी पडवीकडे जायचं बंद केलं. स्वयंपाकघरात बसून मी रेडिओ लावायचे, पण हळू, कारण मोठा लावला तर बाहेरचं ऐकू येणार नाही, आणि ऐकू न येणं जास्त वाईट होतं.

त्या बादलीच्या कडीला लाकडाची मूठ आहे. चालताना ती एका बाजूने करकरते. दोन पावलांमागे एकदा. आर्वो काठोकाठ भरलेली बादली आणायचा तेव्हा हळू चालायचा, म्हणून कर्र आणि कर्र यांच्यामध्ये बराच वेळ जायचा. तेवढ्या वेळात मी ताट घ्यायचे.

एका संध्याकाळी ती कर्र आली.

मी रेडिओ बंद केला. पुन्हा आली. दमलेलं माणूस जसं मध्ये टेकवतं तशी बादली बर्फावर टेकल्याचा आवाज. पुन्हा उचलल्याचा. मी उठले, आणि माझा हात आपोआप ताटाकडे गेला. त्याचीच मला सगळ्यात भीती वाटली. माझा हात दोन ताटं घेत होता.

आवाज पायरीशी थांबला.

दार आणि मी यांच्यामध्ये चार पावलं होती. मी एकतीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिले. त्याने कधी माझ्यावर आवाज चढवला नाही. आणि मी त्या दाराची कडी घातली.

सकाळी बादली सगळ्यात वरच्या पायरीवर होती.

६

ख्रिसमसला डेल आला. मी त्याला काही कळू दिलं नाही. तो होता त्या दोन दिवसांत बादली शेडमध्येच राहिली, आणि तोट्या बंद.

"रुस्को मस्त चाललाय गं," तो म्हणाला. "मला वाटलं नव्हतं. कूलंटने सोपं झालं ना?"

"सोपं झालं."

"बाबांना मी किती वर्षं सांगत होतो. ऐकतील तर शपथ. म्हणायचे, पाणी सोडलं की दिवस संपतो, नाहीतर मला कसं कळणार संपलाय ते?" तो हसला आणि मग हसता हसता थांबला. "आई, ते खोटं कधी बोलले नाहीत, नाही? मला आठवतच नाही. कुणाला बरं वाटावं म्हणूनसुद्धा नाही. माझ्या पहिल्या बोटीबद्दल म्हणाले होते, ही बुडेल."

"बुडाली का?"

"लगेच."

तो गेल्यावर मी भांडी घासत होते आणि ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खोटं कधी बोलला नाही. पण त्या शनिवारी शेडमधून उत्तर आलं होतं, सोडलं. आणि तोटी बंद होती.

मला तेव्हा असं वाटलं. खरं असेलच असं नाही. मी फार शिकलेली बाई नाही. मला वाटलं, त्याच्या तोंडून गेलेला तो एकच खोटा शब्द, आणि तो माझ्यासाठी. तेव्हापासून तो तेवढं खरं करायला बघतोय. पाणी सोडायचं आणि बादली आत आणून ठेवायची. आणि मी रेडिएटरमध्ये असलं काही भरून ठेवलंय की ज्याला सोडायची गरजच नाही. वर दाराला कडी.

७

नवीन वर्षाच्या दुसऱ्या दिवशी मी कूलंट काढून डब्यात भरलं आणि झाकणं घट्ट लावली. विहिरीचं पाणी काढलं, चुलीवर गरम केलं, आणि रुस्कोमध्ये ओतलं. वाफ वर आली आणि शेडला पूर्वीसारखा वास आला.

संध्याकाळी पाचच्या आधी मी कंदील घेऊन गेले, एक गुडघा टेकून दोन्ही तोट्या सोडल्या, आणि बादली उचलून घरात आणली. वाटेत दोनदा सांडलं.

सकाळी बादली चुलीच्या कडेला, मी ठेवली तिथेच होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मी कडी काढून ठेवली.

सुलोला कळलं तेव्हा तो चिडला. "वेड लागलं का गं तुला? गोठणार नाही असं भरलेलं काढून पाणी घालतेस? आता रोज संध्याकाळी त्या शेडमध्ये मरायला..." तो थांबला. टोपी काढून हातात फिरवत बसला.

"मला जमतं," मी म्हणाले.

"जमतं ते दिसतंय. पण एक दिवस विसरलीस तर? अंगात ताप असला तर? एका रात्रीत इंजिन फुटेल, आणि डेल तुला पोत्यात घालून नेईल."

"विसरणार नाही."

"आर्वोही असंच म्हणायचा," तो म्हणाला, आणि जाताना माझा खांदा वाकड्या अंगठ्याने दाबून गेला.

डेलचा फोन यायचा. "कूलंटची पातळी बघतेस ना?" तो विचारायचा. "बघते," मी म्हणायचे. मलाही एक खोटा शब्द लागत होता, कुणाला तरी शांत झोप यावी म्हणून.

८

जानेवारीतला चौथा शनिवार आला. थंडी शून्याच्या खाली सत्तावीसवर होती. सॉना मी पेटवला नाही. वर्षभर शनिवारी पेटवत होते, पण त्या दिवशी हात गेला नाही.

पाचला दहा मिनिटं असताना कंदील घेऊन शेडमध्ये गेले. दार थोडं उघडं ठेवलं. कंदील खिळ्याला अडकवला. रुस्कोचं अंग दिवसभराच्या कामाने अजून कोमट होतं. मी बादली सारली, एक गुडघा टेकला आणि तोटी सोडली. पाणी आधी जोरात आणि मग बारीक धारेने आलं. दुसरी तोटी सोडली. धार थांबेपर्यंत वाट पाहिली. तोटीच्या तोंडाशी शेवटचा थेंब लोंबला आणि तिथेच पांढरा झाला.

मग मला धुराचा वास आला. बर्च लाकडाचा, सॉनाच्या धुराड्याचा.

मी हलले नाही. अशा थंडीत श्वासाची मोठी वाफ होते. माझी वाफ कंदिलाच्या उजेडात माझ्यापुढे उभी राहत होती आणि विरत होती. डाव्या बाजूला, पुढच्या चाकाला लागून, कुणीतरी होतं. माझ्यासारखंच एक गुडघा टेकून. मला कोटाची तपकिरी बाही दिसत होती, कोपराला मी लावलेलं ठिगळ दिसत होतं, आणि हात तोटीच्या दिशेने होता. मी मान वळवली नाही. वळवायची गरज नव्हती. त्या बाजूला वाफ नव्हती. बाहीवर बारीक हिमकण जमले होते, भुरभुरीत, कित्येक तास कुणी न हललेल्या वस्तूवर जमतात तसे.

कित्येक तास. दुपारपासून.

बाहेर पडवीचं दार उघडल्याचा आवाज झाला. घरात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मी इथे होते.

शेडच्या दाराच्या फटीतून मला पडवी दिसत होती. दिव्याच्या उजेडात एक बाई उभी होती. हातात बटाट्यांची सुरी. अंगावर हिरवा जाड स्वेटर होता, जो मी मागच्या उन्हाळ्यात चर्चला देऊन टाकला. ती थोडी पुढे वाकली आणि तिने हाक मारली. ती हाक मला ओळखायची गरज नव्हती. मी एकतीस वर्षं ती आतून ऐकली होती. बाहेरून पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तिच्यात इतकं सुख आहे हे मला कधी कळलं नव्हतं.

"पाणी सोडलंस?"

माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की ओरडून सांगावं. ये. सुरी टाक आणि धावत ये. तो इथे आहे.

पण मी वाफेकडे पाहिलं. एकच होती. धावत येऊन तिला काय मिळणार होतं? ती आली तरी त्याला दुपारपासून इथेच असायचं होतं. तिला फक्त आत्ता कळलं असतं, नंतर कळायच्या ऐवजी.

ती वाट पाहत होती. मान किंचित तिरकी करून. जरा उशीर झाला तर मी तशीच करते.

माझा घसा थंडीने बसला होता. आवाज निघाला तो जाड, खरखरीत, पुरुषाच्या आवाजासारखा निघाला.

"सोडलं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. आत गेली. दार लागलं, आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या खिडकीत ती टेबलाशी बसलेली दिसली, डोकं खाली घालून, बटाटे सोलत.

मी बादली उचलली नाही. कंदील तसाच जळत ठेवला आणि गुडघ्यावर बसून राहिले, त्याच्या शेजारी, त्याच्याकडे न बघता.

तिच्याकडे अजून दीड तास होता.